गौरव्वाच्या नावाचा किडा

सरोजाक्का पहिल्यांदा आमच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनी मासा मागितलाच नाही. कल्ले मागितले.

पंचगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही सकाळी मासे विकायला बसतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्ती, ओरडून भाव सांगतात आणि मी मासे चिरते. मला ओरडणं जमत नाही, म्हणून ही वाटणी पहिल्यापासूनची. माशाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना झाकणं असतात. ती उचलली की आत लाल कंगव्यासारखे कल्ले दिसतात. त्यांतून मासा श्वास घेतो. आम्ही ते ओढून काढतो आणि टाकून देतो. पोट भरलेलं कुत्रंसुद्धा त्यांच्याकडे बघत नाही.

"कल्ले? मांजर पाळलंय व्हय बाई?" आत्तींनी विचारलं.

"मांजर न्हाय. मला बघायचं हाय."

"काय बघायचं हाय?"

"त्याच्यावर कोण राहतंय ते."

आत्तींनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. इस्त्रीचं सुती पातळ, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. आत्तींचा आवाज मुळातच मोठा, तो आणखी चढला. "तुम्ही लिंगायत दिसताय की! मासं खाता?"

"न्हाय."

"खात न्हाईसा आणि डोसकी घरी नेता?"

"खाणाऱ्याला चव कळती बाई. मला बिऱ्हाडकरू बघायचा हाय," असं म्हणून त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि माझ्यापुढे धरला. "कल्ले ओढू नको. डोकंच दे, झाकणासकट. आणि बर्फातलं नको, आज सकाळी आलेलं दे." त्या इतक्या ठामपणे बोलल्या की मी न विचारता दोन डोकी कापून दिली. आत्ती दिवसभर येणाऱ्या जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत होत्या.

पुढे कळलं की त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. शुक्रवार पेठेत एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. माहेर गडहिंग्लजच्या बाजूचं, अगदी कर्नाटकच्या हद्दीला लागून. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात मध्येच कानडी शब्द यायचा. मला त्या लवकरच 'तंगी' म्हणायला लागल्या. कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात, हे आम्हांला काय ठाऊक. आत्ती भडकल्या. "आमची सून तंगीत हाय व्हय? दोन्ही वेळचं पोटभर खाती ती!" सरोजाक्का इतक्या मोठ्यानं हसल्या की पलीकडचा भाजीवाला वळून बघायला लागला. मग त्यांनी अर्थ सांगितला. त्या दिवसापासून आत्तींचा राग गेला आणि आमच्याकडची चांगली डोकी त्यांच्यासाठी बाजूला निघू लागली. ती पोचवायचं काम माझं.

त्यांच्या घराला दोन दारं होती. पुढच्या दारानं स्वयंपाकघर आणि देव्हारा. मागच्या दारानं माशांची खोली. मासे कधी पुढच्या दारानं आले नाहीत आणि सरोजाक्का कधी मागच्या खोलीतून सरळ पुढे गेल्या नाहीत. मध्ये न्हाणी होती. काम संपलं की अंघोळ, मग पूजा, मग भाकरी. शेजारच्या बाईंनी एकदा माझ्यादेखत टोमणा मारला, "सरोजाक्का, लिंग गळ्यात आणि हात माशात, बरं दिसतंय व्हय?" अक्का म्हणाल्या, "लिंग गळ्यात हाय म्हणूनच हात नीट चालत्यात. तुम्ही वासाची तक्रार करा, ती मी ऐकीन. देवाची करू नका, ते देव बघंल." आणि खरंच दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या खिडकीला पंखा बसवून घेतला.

मागच्या खोलीत एक लांब टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक. त्या त्याला साधं दुर्बीण म्हणायच्या. त्या कात्रीनं कल्ले अलगद कापायच्या, पाण्याच्या बशीत सोडायच्या, हलवायच्या आणि भिंगाखाली सुईनं चाचपत बसायच्या. मी भांडी धुवायची आणि निघायची. पण हळूहळू मी थांबू लागले. त्या बोलायच्या, मी ऐकायची. मला बोलायला लावायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही, हे मला फार बरं वाटायचं.

एके दिवशी त्यांनी मला दुर्बिणीसमोर उभं केलं. "बघ आणि सांग."

आधी काहीच दिसलं नाही. मग एक फिकट, चपटा जीव दिसला. राजगिऱ्याच्या दाण्याच्या निम्माही नसेल, पण तिथे तो बोटाएवढा दिसत होता. एक टोक लांब करून इकडे तिकडे चाचपत होता. दुसऱ्या टोकाला आकडे होते आणि त्या आकड्यांनी तो कल्ल्याला धरून बसला होता. पुढच्या टोकाला काळे ठिपके.

"चार डोळं हाईत. रागानं बघतोय," मी म्हणाले.

"चार ठिपके हाईत म्हण. राग तुझा हाय." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "दिसतंय ते आत्ता सांग. वाटतंय ते उद्या सांग. निम्मं उद्यापर्यंत राहत न्हाय."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं होतं. आत्ती एकदा म्हणाल्या, पलीकडच्या गल्लीतल्या सुनेचं लक्षण ठीक वाटत नाही. अक्कांनी लगेच विचारलं, "दिसलं का वाटलं?" तेव्हापासून आमच्या घरातही कुणी चहाडी करायला लागलं की दुसरा विचारतो, दिसलं का वाटलं.

अक्कांनी मला समजावून सांगितलं की माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात तसं या किड्याला आकड्यांवरून ओळखतात. आकडे केवढे, किती वाकलेले, दोन मोठ्या आकड्यांना जोडणारी कडी सरळ की वळलेली. आणि प्रत्येकाचं घर ठरलेलं. शिंगट्यावर राहणारा मरळीवर राहायला जात नाही. शिंगटा म्हणजे मिशांचा मासा, त्याच्या परांत काटे असतात, चिरताना माझा हात बऱ्याचदा फाटलाय. कुणी कधी न पाहिलेला किडा सापडला तर ज्याला सापडला त्यानं त्याचं चित्र काढायचं, वर्णन लिहायचं आणि नाव ठेवायचं. ते नाव मग जगभर चालतं.

"तुम्ही ठेवलंय व्हय कुणाचं नाव?" मी विचारलं.

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे एका चौकटीत हातानं काढलेलं चित्र होतं. दोन मोठे आकडे एकमेकांपासून लांब फाकलेले आणि मधली कडी धनुष्यासारखी वाकलेली. "ही माझी अव्वा," त्या म्हणाल्या. "गौरव्वा. शिंगट्यावर सापडली. तवा मी तुझ्यापेक्षा लहान होते."

अव्वा म्हणजे आई. त्यांनी नव्या किड्याला आपल्या आईचं नाव दिलं होतं. आयुष्यात अनेक किडे त्यांनी तपासले, दुसऱ्यांनी चुकीचे ओळखलेले दुरुस्त केले, पण नवीन म्हणून नाव दिलेला हा एकच. त्यांची आई अजून गावी होती, धाकट्या मुलाजवळ. गावात सगळ्यांना माहीत होतं की गौरव्वाच्या नावाचा एक जीव नदीत आहे. मठात जाताना बायका विचारायच्या, "काय गौरव्वा, तुझा किडा काय म्हणतोय?" आणि म्हातारी म्हणायची, "बरा हाय, मासं धरून हाय."

पण एक अडचण होती. गौरव्वाचा किडा त्यानंतर पुन्हा कुणालाच सापडला नव्हता.

अक्का म्हणायच्या, दुर्मीळ आहे. त्यासाठीच त्या निवृत्तीनंतरही डोकी गोळा करत होत्या. पंचगंगेतला शिंगटा बघून झाला, राधानगरीच्या धरणातला झाला, माझ्या नणंदेच्या नवऱ्यानं चंदगडहून एसटीनं पाठवलेलाही झाला. दरवेळी एकच किडा निघायचा. सरळ कडीचा. तो आधीपासून सगळ्यांना माहीत होता. आम्ही त्याला 'साधा' म्हणायचो.

त्याच सुमारास शाहीनचे फोन यायला लागले. शाहीन मराठवाड्यातली मुलगी, तिकडच्या विद्यापीठात याच किड्यांवर पीएच. डी. करत होती. अक्का फोन मोठ्या आवाजावर ठेवून काम करत बोलायच्या, म्हणून मला सगळं ऐकू यायचं.

"मॅडम, गोदावरीतले शिंगटे मी किती बघितले. तुमचा किडा काही सापडंना. सर म्हणायलेत, कोल्हापुरात सापडला तर इथं का न्हाई? तुझी नजरच कच्ची हाय म्हणायलेत. पुढचं कामच बघंनात."

"नजर कच्ची म्हणजे काय? तुला काय दिसतंय?"

"सरळ कडीचा दिसतो मॅडम. तेवढाच."

"मग तेवढंच लिही."

"लिहिलं तर म्हणतेत, पुन्हा बघ."

फोन ठेवून अक्कांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "पोरगी रडकुंडीला आली हाय, तंगी. मला एक तरी गौरव्वा सापडायला पाहिजे. म्हंजे तिला इथं बोलवून दाखवता येईल." मलाही तेच वाटत होतं. ती सापडली की मुलीचं काम सुटेल आणि म्हातारीचं नावही राहील. मी आत्तींच्या नकळत मोठे शिंगटे अक्कांसाठी राखून ठेवू लागले.

एका सकाळी डबा घेऊन गेले तर अक्का ट्रंक उघडून बसल्या होत्या. त्यांचे डोळे चमकत होते. "आज सगळं तवासारखं करायचं," त्या म्हणाल्या. "काल अंघोळ करताना आठवलं. गौरव्वा मी कॉलेजात न्हवती बघितली. सुट्टीला घरी गेलते. वडलांच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर बसून केलं होतं सगळं. आता आपण दुसऱ्या पद्धतीनं करतोय, म्हणून दिसत नसंल."

ट्रंकेतून त्यांनी पितळेचं एक वजन काढलं. तराजूत टाकतात तसलं, वर धरायला बोंड असलेलं. त्यांनी सांगितलं, की हा किडा मऊ असतो. वर पातळ काच ठेवून जरासा चपटा केला की आकडे नीट दिसतात. तेव्हा कॉलेजात त्यासाठी काचेवर एक हलकं वजन ठेवायची पद्धत होती. सुट्टीत घरी ते कुठलं? "वाण्याची पोरगी मी. हाताला तराजू लागला, त्यातलं उचललं."

त्यांनी शिंगट्याच्या कल्ल्यावरचा एक किडा काचेवर घेतला, वर पातळ काच ठेवली आणि त्यावर वजन. थोड्या वेळानं ते उचललं, काच दुर्बिणीखाली सरकवली आणि वाकल्या.

"आली!" त्या ओरडल्या. "अव्वा आली, तंगी! बघ की!"

मी बघितलं. फाकलेले आकडे, धनुष्यासारखी कडी. भिंतीवरच्या चित्रातलंच. अक्कांनी अंघोळ न करता न्हाणी ओलांडली आणि स्वयंपाकघरातून गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. त्यांनी स्वतःचा नियम मोडलेला मी तेव्हाच पाहिला.

मग त्या म्हणाल्या, "आता दुसरा घेऊ. ह्याच कल्ल्यावरचा."

तो त्यांनी वजन न ठेवता बघितला. साधा निघाला. तिसरा वजन ठेवून बघितला. गौरव्वा. चौथा बिनवजनाचा. साधा. मी खूश होते, मला वाटत होतं दोघी शेजारी राहत असतील. अक्कांचा हात मात्र हळूहळू सावकाश चालायला लागला. शेवटी त्यांनी तो साधाच पुन्हा समोर घेतला, जो त्यांनी आणि मी आत्ताच डोळ्यांनी पाहिला होता. त्यावर वजन ठेवलं. वजन उचललं. त्या वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"अव्वा," त्या म्हणाल्या. "सापडली न्हाय तंगी. ती न्हवतीच कधी. मी केली."

मी चहा ठेवते म्हणाले. त्या म्हणाल्या, "ठेव. पण आत्ता मला चूक झाली असं वाटतंय. वाटतंय ते उद्या." आणि पुढचे कितीतरी दिवस त्यांनी तेच केलं. पंचगंगेतला शिंगटा, धरणातला शिंगटा, वजन ठेवून, वजन न ठेवता. माळ्यावर केलेल्या मूळ काचाही काढल्या. त्यांतल्या किड्यांच्या कडा फाटलेल्या होत्या. त्या फाटक्या कडाही त्यांनी तेव्हा चित्रात मन लावून काढल्या होत्या. जितक्या वेळा बघितलं तितक्या वेळा तेच निघालं.

सगळं पक्कं झालं त्या दिवशी त्या माझ्याकडे बघून हसल्या. अगदी मोकळं हसल्या. "तंगी, लोक हापिसात फायलीवर वजन ठेवत्यात, मग साहेब पाहिजे तसं लिहून देतो. मी किड्यावर ठेवलं. त्यानंबी पाहिजे तसं लिहून दिलं."

त्यांचे एक जुने विद्यार्थी होते, पाटील सर. आता कॉलेजात अक्कांच्या जागेवर तेच शिकवतात. ते घरी आले तेव्हा अक्कांनी त्यांना सगळं दाखवलं आणि सांगितलं, की आता हे छापून टाकणार. गौरव्वा म्हणून वेगळा किडा नाही, तो साधाच, चूक माझी.

पाटील सर खुर्चीतल्या खुर्चीत अस्वस्थ झाले. "बाई, कशाला? इतक्या वर्षांत कुणी बोट ठेवलं नाही. उद्याही कोण बघणार आहे? त्या मुलीला सांगा, किडा दुर्मीळ आहे, तू दुसरा विषय घे. ती सुटली, तुम्ही सुटलात."

"ती कशातून सुटली?"

"म्हणजे?"

"तिचे सर तिला म्हणतात, तुझी नजर कच्ची. नजर तिची पक्की आहे, कच्चं काम माझं आहे. तिनं दुसरा विषय घेतला तर कच्ची म्हणूनच जाणार ना ती?"

"पण बाई, आईचं नाव आहे हो."

"म्हणूनच. खोट्याला चिकटवून ठेवू काय तिला?"

सर उठले. जाताना दारात मला हळूच म्हणाले, "तुम्ही तरी समजवा." मी मान हलवली. मी काय समजावणार?

आत्तींना मात्र हे अजिबात पटलं नाही. बाजारात अक्का आल्या तशा त्या तुटून पडल्या. "लोकं आईबापाच्या नावानं देऊळ बांधत्यात, पाण्याच्या टाक्या बांधत्यात. आणि तुम्ही असलेलं नाव पुसता? म्हातारी जिती हाय अजून! तिला काय तोंड दाखवणार?"

पाटील सरांना दिलेलं उत्तर इथे चालणार नव्हतं. डब्याचं झाकण लावत अक्का म्हणाल्या, "तेवढंच अवघड हाय बघा. छापायच्या आधी तिला सांगितलं पाहिजे." मग माझ्याकडे वळल्या. "तंगी, येतीस बरोबर?"

आत्तींनी मला जाऊ दिलं. खरं तर त्यांनीच म्हातारीसाठी पिवळीधमक केळी बांधून दिली.

एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. एवढी ठाम बाई, पण त्या दिवशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. गावात पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात उन्हाला पाय पसरून शेंगा फोडत होती. लेकीला बघून म्हणाली, "बा मगळे." ये पोरी, असा त्याचा अर्थ. मला विचारलं, "ही कोण?" अक्का म्हणाल्या, "ही तंगी. मासं हीच देती." म्हातारीनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. "म्हंजे माझा किडा हिच्याकडं असतोय?"

अक्का तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि एका दमात बोलून टाकलं. "अव्वा, तुझा किडा न्हाय."

"मेला व्हय?"

"मेला न्हाय. न्हवताच. माझी चूक झाली. दुकानातलं वजन ठेवलं, त्यानं दुसराच किडा चेंगरून तसला दिसला. मी नवा समजले."

म्हातारीच्या हातातली शेंग हातातच राहिली. "मग एवढी वर्सं मी कुणाची खुशाली सांगत होते?"

अक्कांनी मान खाली घातली. थोड्या वेळानं म्हातारीनं विचारलं, "आणि नाव? नाव कुठं गेलं माझं?"

"नाव जात न्हाय. पुस्तकात राहतंय. पण त्या दुसऱ्या किड्याच्या नावाखाली. ह्याला पूर्वी चुकून असंबी म्हणत होते, असं लिहित्यात. तो आधीपासूनचा, म्हणून त्याचं नाव चालणार."

म्हातारीनं शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "माझं माहेरचं नाव ठाऊक हाय तुला?"

"नागव्वा."

"मांडवात तुझ्या बापानं तांदळावर अंगठीनं 'गौरव्वा' लिवलं आणि नागव्वा गेली. मी न्हेमी ऐकायची, कोण हाक मारतंय का. कुणी मारली न्हाय. नागव्वाला कोण रडलं? तुझा बाप रडला, का तुझी आज्जी रडली?" तिनं अक्कांच्या डोक्यावर हात ठेवला. "मी जिती हाय की. नावाचं काय घेऊन बसलीस? त्या पोरीला आधी सोडव. माझं मी मठातल्या बायकांना सांगती, किड्याचं लग्न झालं म्हणून."

आणि ती स्वतःच्याच बोलण्यावर हसायला लागली. अक्काही हसल्या, पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्यांचं नाव कुणी बदललं नव्हतं. परत येताना एसटीत त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "तंगी, तुझं माहेरचं नाव मी कधी विचारलंच न्हाय बघ." मी सांगितलं. ते नाव माझ्या तोंडून फार दिवसांनी निघालं. उतरेपर्यंत त्यांनी मला त्याच नावानं हाक मारली.

अक्कांनी लेख लिहून पाठवला. त्यात वजनाची गोष्ट सरळ लिहिली होती, किराणा दुकानासकट. पाटील सर म्हणाले, दुकान तरी वगळा. अक्का म्हणाल्या, "वगळलं तर दुसऱ्याला कळणार कसं, काय करायचं न्हाय ते?" लेख छापून आला. भिंतीवरची चौकट त्यांनी काढली नाही. चित्राखाली पेनानं लिहिलं, 'चेंगरलेला साधा'.

त्यानंतर शाहीन कोल्हापूरला आली. बारीक अंगाची, डोक्यावर ओढणी, माझ्यासारखीच खाली बघून बोलणारी. तिनं गोदावरीतल्या माशांच्या काचा खोक्यात भरून आणल्या होत्या. दारातच तिनं अक्कांचे पाय धरले आणि रडायला लागली. "मॅडम, सरांनी माझं काम पुढं पाठवलं."

"मग रडतीस कशाला? ऊठ," अक्का म्हणाल्या. "आणि मी म्हणते म्हणून मानू नको. मी एकदा ठामपणानं चुकले हाय. तू सगळं परत बघ."

दोघी मागच्या खोलीत बसल्या. शाहीन अक्कांच्या मागे स्टुलावर. अक्का दुर्बिणीत बघून सांगत होत्या, हा साधा, हाही साधा. दुपारी शाहीन एका काचेवर अडली. अक्का म्हणाल्या, साधाच आहे. शाहीननं वाकून पुन्हा बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, मला इथं जरा वेगळं दिसायलंय. वजन न ठेवताच."

अक्का उठल्या. त्या खुर्चीवर मी दुसऱ्या कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं, मलाही त्या उभ्यानंच बघायला लावायच्या. त्यांनी ती खुर्ची शाहीनसाठी मागे ओढली. "बस इथं. आता मला सांग, काय दिसतंय."

शाहीन सांगत गेली आणि अक्का बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत राहिल्या. आकड्याच्या टोकाला एक बारीक खाच होती. अक्कांना ती दिसली नव्हती. त्यांनी पुन्हा बघितलं, खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हाय. मला दिसली न्हाय, तुला दिसली."

शाहीनचा चेहरा खुलला. "नवीन असला तर मी तुमचं नाव ठेवणार, मॅडम."

"इतक्यात न्हाय," अक्का म्हणाल्या. "दुसऱ्या नदीतला बघ. दुसऱ्या हंगामातला बघ. दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं करून बघ. आणि मग माझं नको ठेवू, मला चेंगरायची भीती वाटती."

त्या वर्षी थंडीत सरोजाक्का गेल्या. दोन दिवस ताप आला आणि झोपेतच गेल्या. त्यांच्या लोकांनी त्यांना रीतीप्रमाणे बसवून माती दिली. गावाहून म्हातारी आली होती. आत्तींनी तिला धरून ठेवलं होतं, आणि दोघी कोणत्या भाषेत बोलत होत्या देव जाणे, पण बोलत होत्या. अक्कांची दुर्बीण पाटील सरांनी शाहीनकडे पोचवली. तसं अक्कांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

मी अजूनही मासे चिरते. शाहीनचा अधूनमधून मला फोन येतो. मी फोनवर फारसं बोलत नाही, तीही बोलत नाही, पण आम्हां दोघींना ते चालतं. चंदगडहून मासे आले की मी तिला डोकी बर्फात न घालता कशी पाठवता येतील ते विचारते आणि ती सांगते. मागच्या खेपेला आत्तींनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि ओरडून विचारलं, "अगं पोरी, आमच्या सरोजाक्काचं नाव ठेवलंस का न्हाय त्याला? किती दिवस लावतीस?"

पलीकडून शाहीनचा हळू आवाज आला. "न्हाई आज्जी. अजून एका नदीतला राहिलाय. अजून बघायले मी."

आत्ती काहीतरी बोलणार होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "बघ म्हणावं," त्या म्हणाल्या. "सावकाश बघ म्हणावं."